मॉर्गन डॉलर: किती पाडले आणि किती उरले

अमेरिकेचे चांदीचे मॉर्गन डॉलर जमवायचे ठरवले की नवखा संग्राहक सर्वप्रथम तक्ता उघडतो. त्यात वर्ष, टांकसाळ आणि त्या वर्षी त्या टांकसाळीने पाडलेल्या नाण्यांची संख्या दिलेली असते. आकडा लहान दिसला की नाणे दुर्मीळ, मोठा दिसला की सामान्य, असा हिशेब मनात बसतो आणि खरेदी त्याच हिशेबाने सुरू होते. पुष्कळ देशांच्या नाण्यांबाबत एवढ्यावर काम भागतेही. मॉर्गन डॉलरबाबत मात्र हा हिशेब संग्राहकाला हमखास चुकीच्या नाण्याकडे नेतो. ही नाणी कोट्यवधींनी पाडली गेली, पण त्यांतली बहुसंख्य लोकांच्या हातात गेलीच नाहीत. ती पोत्यांत भरून सरकारी तिजोऱ्यांत पडून राहिली, पुढे त्यांतली कोट्यवधी वितळवली गेली आणि उरलेल्यांपैकी पुष्कळशी अर्ध्या शतकाहून अधिक काळाने बाहेर आली. म्हणून या मालिकेत पैसे घालण्याआधी प्रत्येक नाण्याबद्दल दोन गोष्टी विचारायला हव्यात: आज ती किती उरली आहेत आणि कोणत्या अवस्थेत उरली आहेत. किती पाडली, हा प्रश्न त्यानंतरचा.

हे नाणे जन्मालाच आले ते राजकारणातून. नेव्हाडातल्या खाणींतून चांदीचा लोंढा आला, भाव घसरले आणि खाणमालक व कर्जबाजारी शेतकरी यांनी सरकारने चांदी विकत घेऊन नाणी पाडावीत असा रेटा लावला. अध्यक्ष हेस यांनी नकाराधिकार वापरला, तरी तो डावलून २८ फेब्रुवारी १८७८ रोजी ब्लँड-ॲलिसन कायदा मंजूर झाला. त्यानुसार सरकारने दरमहा २० ते ४० लाख डॉलरची चांदी घेऊन तिचे डॉलर पाडणे बंधनकारक झाले. इंग्लंडहून आलेले ठसेकार जॉर्ज मॉर्गन यांनी त्याचा आराखडा केला. पुढच्या बाजूच्या स्वातंत्र्यदेवतेच्या चेहऱ्यासाठी फिलाडेल्फियातील शिक्षिका ॲना विलेस विल्यम्स यांना समोर बसवले होते. मागच्या बाजूला पंख पसरलेला गरुड आहे. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, कस ९० टक्के. १८७८ ते १९०४ आणि मग एकदा १९२१ साली, एवढाच या मालिकेचा काळ. टांकसाळी पाच: फिलाडेल्फियाचे चिन्ह नाही, न्यू ऑर्लिन्सचे ‘ओ’, सॅन फ्रान्सिस्कोचे ‘एस’, कार्सन सिटीचे ‘सीसी’ आणि फक्त १९२१ मध्ये डेन्व्हरचे ‘डी’. चिन्ह मागच्या बाजूला, पानांच्या वेलीच्या गाठीखाली असते. वर्ष आणि टांकसाळ धरून पूर्ण मालिका शंभराच्या जवळ जाते.

गरज बाजाराची नव्हती, कायद्याची होती. पश्चिमेकडची राज्ये सोडली तर अमेरिकी माणसाला एवढे जड नाणे खिशात नकोच होते. त्याला त्याच्या बदल्यात मिळणारी कागदी नोट बरी वाटे. त्यामुळे नोटा फिरत राहिल्या आणि त्यांना तारण असलेले डॉलर एक हजार नाण्यांच्या पोत्यांत तिजोरीत साठत गेले. या साठ्यावर पहिला मोठा घाव पडला तो आपल्या मुंबईशी थेट जोडलेला आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानातून ब्रिटनसाठी प्रचंड माल बाहेर जात होता आणि त्याचे मोल इथे रुपयांत चुकवावे लागत होते. नोटेच्या बदल्यात चांदीचा रुपया देण्याचे सरकारचे वचन होते, आणि १९१८ च्या सुरुवातीला चांदीचा साठा तळाला गेला. नोटा बदलून घेण्यासाठी गर्दी वाढू लागली. ब्रिटनने अमेरिकेकडे चांदी मागितली आणि २३ एप्रिल १९१८ रोजी सिनेटर की पिटमन यांच्या नावाचा कायदा झाला. त्याखाली २७ कोटी २ लाखांवर चांदीचे डॉलर वितळवले गेले. त्यांतल्या सुमारे २५ कोटी ९१ लाख नाण्यांची, म्हणजे जवळपास २० कोटी औंस चांदी ब्रिटनमार्फत हिंदुस्थानकडे वळवण्यात आली. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत त्या काळी पाडलेल्या पंचम जॉर्जच्या रुपयांत ही चांदी मिसळली आहे. मराठी घरातल्या डब्यात १९१८ किंवा १९१९ चा रुपया असेल तर तोही या इतिहासाचा भाग समजावा आणि संग्रहात मॉर्गन डॉलरच्या शेजारी ठेवावा. मागच्या बाजूच्या कमळाखाली टिंब असेल तर तो मुंबईचा.

संग्राहकाच्या दृष्टीने या वितळवणीतली कळीची बाब अशी की कोणत्या वर्षाची आणि कोणत्या टांकसाळीची किती नाणी भट्टीत गेली याची नोंदच ठेवली गेली नाही. वितळवणाऱ्यांना वजनाशी काम होते. म्हणजे तक्त्यातला जन्माचा आकडा हाती आहे, मृत्यूचा आकडा कुठेच नाही. त्यामुळे उरलेल्या नाण्यांचा अंदाज, ती कुठे आणि कधी बाहेर आली यावरूनच बांधावा लागतो. कार्सन सिटीची दोन वर्षे शेजारी ठेवून पाहा. १८८५-सीसी पाडली गेली २,२८,००० आणि १८८९-सीसी ३,५०,०००. तक्त्यावर विसंबणारा म्हणेल की १८८५ चे नाणे अधिक दुर्मीळ. प्रत्यक्षात १८८९ चे नाणे कितीतरी पटींनी दुर्मीळ आणि महाग आहे. कारण १८८५ च्या नाण्यांपैकी तब्बल १,४८,२८५ सरकारी तिजोरीत टांकसाळीतून आली तशी, न वापरलेली सापडली; १८८९ चे त्या साठ्यात सापडले एकच. १८८४-सीसीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. पाडली ११ लाख ३६ हजार, आणि त्यांतली ९ लाख ६२ हजारांहून अधिक तिजोरीतच होती. सव्वाशे वर्षांहून जुने, खाणींच्या गावातल्या टांकसाळीचे, आणि तरी जवळपास नवे असे नाणे सर्वसामान्य संग्राहकाला परवडते ते यामुळे.

तिजोऱ्या उघडल्या तेव्हा बाजारात काय झाले हेही प्रत्येकाने ठाऊक करून घ्यावे. १९०३-ओ हे नाणे ४४ लाख ५० हजार पाडले गेले होते, पण न वापरलेल्या अवस्थेत ते कुणाला मिळेना. बहुतेक सगळी वितळली असावीत असा समज होता आणि १९६२ च्या मूल्यपुस्तिकेत त्याची किंमत १५०० डॉलर दिली होती. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात नाताळच्या मागणीसाठी फिलाडेल्फियाच्या तिजोरीतून पोती काढण्यात आली आणि त्यांत नेमकी ही नाणी निघाली. भाव कोसळून ३० डॉलरच्या घरात आला. त्यानंतर लोकांनी नोटा देऊन डॉलरची पोती उचलायला अशी झुंबड उडवली की मार्च १९६४ मध्ये सरकारने नाणी देणेच बंद केले. मोजणी झाली तेव्हा कार्सन सिटीची सुमारे तीस लाख नाणी शिल्लक निघाली. ती १९७२ ते १९८० या काळात जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याने टपालाने बोली मागवून विकली. काळ्या चौकटीच्या कडक प्लास्टिकच्या डबीत बंद असलेली ही नाणी आजही त्याच डबीत मिळतात. सुरुवात करणाऱ्यासाठी यापेक्षा चांगले कार्सन सिटीचे नाणे मला दिसत नाही, कारण त्याचा प्रवास कागदोपत्री स्पष्ट आहे.

आता अवस्थेकडे येऊ. नाण्यांचा दर्जा १ ते ७० या मापावर ठरवतात. ६० आणि त्यापुढचे म्हणजे न वापरलेले. या मापावर काही नाणी विचित्र वागतात. सॅन फ्रान्सिस्कोचे १८८१-एस १ कोटी २७ लाखांवर पाडले गेले आणि ते ६५ दर्जाचेही मुबलक मिळते. त्याच टांकसाळीचे १८८४-एस ३२ लाख पाडले गेले. झिजलेले हवे तर सहज मिळते, पण न वापरलेले पाहायला मिळणे मुश्कील. ती नाणी पश्चिमेत खरोखर वापरली गेली आणि तिजोरीत राहिली नाहीत. न्यू ऑर्लिन्सचे १८८६-ओ १ कोटी ७ लाखांवर, फिलाडेल्फियाचे १९०१ सालचे ६९ लाख ६२ हजार. दोन्हींचे आकडे पाहून कुणाला शंकाही येणार नाही, आणि दोन्ही चांगल्या अवस्थेत अतिशय कठीण. यातून खरेदीचा एक नियम निघतो आणि तो पाळला तर मर्यादित पैशातही सुंदर संग्रह उभा राहतो. ज्या वर्षाची न वापरलेली नाणी मुबलक आहेत त्याचे झिजलेले नाणे घेऊ नये. थोडे अधिक देऊन उत्तम घ्यावे. ज्या वर्षाचे उत्तम नाणे दुर्मीळ आहे त्याचे समाधानाने झिजलेले घ्यावे. सगळा संग्रह एकाच दर्जाचा असावा असा आग्रह धरणारे संग्राहक पुष्कळ आहेत. अल्बममध्ये तो एकसारखा दिसतो हे खरे, पण त्या एकसारखेपणापायी १८८४-एस किंवा १९०१ च्या एका नाण्याला अख्ख्या मालिकेतली वीस-तीस चांगली नाणी बळी पडतात. ते मला पटत नाही.

यावर कुणी म्हणेल की मालिकेतले सर्वात प्रसिद्ध दुर्मीळ नाणे १८९३-एस आहे, ते फक्त एक लाख पाडले गेले, म्हणजे तक्ता बरोबरच सांगतो की. इथे तक्ता बरोबर ठरतो, हे मान्य. पण तो बरोबर ठरतो कारण या नाण्याचा मोठा साठा कधीच बाहेर आला नाही. १९०३-ओ प्रमाणे काही पोती निघाली असती तर एक लाखाचा आकडा त्याला वाचवू शकला नसता. लहान आकडा हा तपासाला सुरुवात करण्याचा इशारा आहे, निष्कर्ष नव्हे. आणि नोंदीवर किती भरवसा ठेवायचा हे १८९५ च्या फिलाडेल्फियाच्या नाण्यावरून कळते. टांकसाळीच्या हिशेबात त्या वर्षीची १२,००० चलनी नाणी दाखवली आहेत, पण त्यांतले एकही खात्रीचे नाणे आजवर समोर आलेले नाही. ज्ञात आहेत ती संग्राहकांसाठी खास ठशाने काढलेल्या ८८० नाण्यांपैकीच. बारा हजारांच्या नोंदीचे काय झाले यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९८६ आणि १९८७ पासून दोन मोठ्या अमेरिकी संस्था, पीसीजीएस आणि एनजीसी, नाणी तपासून, दर्जा ठरवून सीलबंद डबीत देतात आणि कोणत्या वर्षाची कोणत्या दर्जाची किती नाणी आपल्याकडे आली याचे आकडे जाहीर करतात. मग उरलेल्या नाण्यांचा इतिहास धुंडाळण्याची गरज काय, हे आकडेच वाचावेत. ते जरूर वाचावेत, पण त्यांच्या दोन मर्यादा लक्षात ठेवून. एक, दर्जा एका पायरीने वाढेल या आशेने व्यापारी तेच नाणे डबी फोडून पुन्हा पुन्हा पाठवतात, आणि प्रत्येक वेळी ते नवे नाणे म्हणून मोजले जाते. महागड्या नाण्यांत हा फुगवटा मोठा असतो. दुसरे, स्वस्त नाणी कुणी शुल्क भरून पाठवत नाही, त्यामुळे त्यांची संख्या खऱ्यापेक्षा कमी दिसते. म्हणजे हे आकडे दुर्मीळ नाणे थोडे जास्त आणि सामान्य नाणे थोडे कमी असल्याचे भासवतात. तिजोरीतून काय निघाले हे माहीत असेल तरच त्यांचा अर्थ नीट लागतो.

तिसरी भीती अशी की उद्या पुन्हा एखादा साठा निघाला तर आज घेतलेल्या नाण्याचे १९०३-ओ होईल. सरकारी साठ्याबाबत ही भीती आता उरलेली नाही. १९८० च्या विक्रीने तो संपला. खासगी साठे मात्र निघू शकतात. नेव्हाडातल्या रीनो इथल्या लव्हेअर रेडफील्ड या गृहस्थांच्या मृत्यूनंतर, १९७४ मध्ये, त्यांच्या घरात चार लाखांहून अधिक चांदीचे डॉलर सापडले आणि १९७६ मध्ये ते ७३ लाख डॉलरना विकले गेले. पण तो साठा बाजारात एकदम न ओतता सावकाश विकला गेला आणि भाव सावरून राहिले. तेव्हा या भीतीवर उपाय सोपा आहे. दुर्मीळतेच्या एकाच गृहीतकावर सगळे पैसे लावू नयेत, आणि ज्या नाण्याची वापरलेली व न वापरलेली अशा दोन्ही अवस्थांत टंचाई आहे, त्यालाच खरे महाग नाणे मानावे. १८८९-सीसी आणि १८९३-एस या कसोटीवर टिकतात. केवळ ६६ किंवा ६७ दर्जामुळे महाग झालेले सामान्य वर्षाचे नाणे टिकत नाही.

चांदीच्या भावाबद्दलही बोलले पाहिजे, कारण आपल्याकडे चांदी म्हटली की आधी मोडीचा हिशेब होतो. एका मॉर्गन डॉलरमध्ये २४ ग्रॅमहून किंचित अधिक, म्हणजे जुन्या ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याने दोन तोळ्यांवर शुद्ध चांदी असते. झिजलेल्या सामान्य वर्षांच्या नाण्यांचा भाव या चांदीबरोबर वरखाली होतो आणि तो त्यांचा आधारही आहे. पण चांदीतच गुंतवणूक करायची असेल तर सराफाकडची लगड स्वस्त पडते. नाण्यावर द्यावे लागणारे जादा पैसे इतिहासासाठी आणि अवस्थेसाठी असतात. ती नजर तयार केल्याशिवाय जादा पैसे देऊ नयेत.

ही नजर कशी तयार होते? प्रथम देवतेचा गाल पाहावा. हजार नाण्यांची पोती वर्षानुवर्षे इकडून तिकडे टाकली गेली, नाणी एकमेकांवर आपटली, आणि त्या खुणा गालाच्या मोकळ्या भागावर सर्वात ठळक दिसतात. मग कानावरचे केस आणि गरुडाची छाती पाहावी. न्यू ऑर्लिन्सच्या नाण्यांत हे भाग अनेकदा पुसट असतात. ती झीज नसून ठसाच हलका पडलेला असतो, आणि फरक ओळखायचा तो चमकेवरून. न झिजलेले नाणे दिव्याखाली तिरके फिरवले की प्रकाशाचे आरे चाकासारखे फिरतात. झिजलेल्या भागावर ते तुटतात. सॅन फ्रान्सिस्कोची १८७९ ते १८८२ ची नाणी ठशाच्या रेखीवपणासाठी प्रसिद्ध आहेत, म्हणून डोळा घडवायला तीच आधी हातात घ्यावीत. आणि नाणे कधीही उजळू नये. घरातली चांदी सणावाराला घासून लख्ख करण्याची आपली रीत भांड्यांसाठी ठीक आहे. नाण्यावर ती चालवली की पृष्ठभागावर बारीक चरे पडतात, फिरती चमक कायमची जाते आणि किंमत कित्येकदा निम्म्याखाली येते. घासलेले नाणे अनैसर्गिक पांढरे आणि निर्जीव दिसते. स्वस्त मिळाले तरी नको. काळपट किंवा रंगीत झाक नैसर्गिक असू शकते, पण झगमगीत रंगांसाठी जादा पैसे मागितले तर सावध व्हावे, कारण ते रसायनांनीही आणता येतात.

बनावट नाण्यांचे दोन प्रकार आहेत. पहिला संपूर्ण नकली. तो बहुधा वजनात आणि व्यासात पकडला जातो. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा, मोजपट्टी आणि लोहचुंबक एवढ्यावर बरेच काम होते. झिजलेल्या नाण्यात ग्रॅमच्या काही दशांशांची घट स्वाभाविक आहे, पण नव्या दिसणाऱ्या नाण्यात नाही. दुसरा प्रकार धोक्याचा, कारण त्यात नाणे खरे असते आणि फक्त चिन्ह किंवा आकडा बदललेला असतो. १८८९ च्या साध्या नाण्याला ‘सीसी’ चिकटवतात, १८९३ ला ‘एस’ जोडतात किंवा १८९८-एस मधल्या आठाचा तीन करतात, १८९५-ओ किंवा १८९५-एस चे चिन्ह खरवडून फिलाडेल्फियाचे भासवतात. इथे वजनाचा उपयोग शून्य. १८९३-एस ची सगळी खरी चलनी नाणी पुढच्या बाजूच्या एकाच ठशातून निघाली, त्यामुळे ‘लिबर्टी’ शब्दातल्या टी अक्षराच्या माथ्याशी एक बारीक तिरकी रेघ प्रत्येकात असते. ती नसेल तर नाणे परत करावे. तरी माझा सल्ला असा की १८८९-सीसी, १८९३-एस, १८९५ आणि न वापरलेले १८८४-एस ही नाणी तपासणी संस्थेच्या डबीतच घ्यावीत, आणि डबीवरचा क्रमांक व छायाचित्र संस्थेच्या नोंदीशी ताडून पाहावे, कारण आता डब्याही नकली येतात. २०२१ पासून अमेरिकी टांकसाळीने याच आराखड्याची ९९.९ टक्के चांदीची नवी नाणी काढली आहेत. वर्ष न पाहता कुणी ती जुनी म्हणून घेऊ नयेत.

सुरुवात १९२१ च्या तीन नाण्यांनी करावी: फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को. ती स्वस्त आहेत आणि एका वर्षाचा संच लगेच पूर्ण होतो. मग प्रत्येक टांकसाळीचे एक: १८८१-एस, १८८५-ओ, १८८७ चे फिलाडेल्फियाचे आणि सरकारी डबीतले १८८३ किंवा १८८४-सीसी. एवढ्यात पाचही टांकसाळी आणि या मालिकेचा बहुतेक इतिहास हाती येतो. ज्यांना पूर्ण मालिका आवाक्याबाहेर वाटते त्यांनी इथे थांबले तरी संग्रह अपुरा ठरत नाही. पुढे जाणाऱ्यांनी वर सांगितलेल्या नियमाने एकेक वर्ष भरत जावे. नाणी मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवू नयेत, त्यांतून हिरवट चिकट थर बसतो. रबरबँड जवळपासही नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने डब्यात सिलिका जेल असलेच पाहिजे. परदेशातून नाणी भारतात आणणाऱ्या मराठी संग्राहकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरचे नाणे पुरावस्तूच्या व्याख्येत बसते, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून जी नाणी पुन्हा परदेशी न्यायची किंवा विकायची असतील ती इथे आणण्याआधी जाणकाराचा सल्ला घ्या, आणि प्रत्येक नाण्याची पावती, दर्जा व खरेदीची तारीख एका वहीत लिहून ती वही घरच्यांना माहीत असेल अशा जागी ठेवा.